वशिल्याचे तट्टू

वशिला या शब्दाला आपल्याकडे चांगले नाव नाही. ज्याला तो मिळत नाही तो त्याच्या नावाने बोटे मोडतो आणि ज्याला मिळतो तो त्याविषयी चकार शब्द काढीत नाही. ‘वशिल्याचे तट्टू’ म्हटले की, अंगी लायकी नसताना दुसऱ्याच्या बळावर पुढे घुसलेला एखादा महाभाग डोळ्यांपुढे उभा राहतो. परंतु वाचकहो, आज ज्या वशिल्याची हकिगत मी सांगणार आहे त्याने कोणाचाही हक्क डावललेला नाही. उलट, ज्यांना धड बोलताही येत नव्हते अशा लाखो तान्ह्या मुलांचे प्राण त्याने वाचविले आहेत. हा वशिला चालतो तो आपल्या शरीराच्या आत. आणि त्याची शिफारसपत्रे तयार करणारा जगातील एक फार मोठा कारखाना आपल्या कऱ्हाडपासून अवघ्या तीन-चार तासांच्या वाटेवर, पुण्याच्या हडपसर भागात आहे.

मी डॉक्टर नव्हे. शाळेत तीस वर्षे शास्त्र शिकविले, एवढाच माझा अधिकार. पण शास्त्र शिकविणाऱ्याला निवृत्तीनंतरही सुटका नसते. गल्लीतल्या लेकीसुना बाळाला टोचून आणले की हातातले कार्ड घेऊन माझ्या ओट्यावर येतात. “सर, एका सुईत पाच रोगांची लस कशी हो मावते? एवढ्याशा जिवाला झेपंल का?” असे विचारतात. झेपते, एवढे सांगून भागत नाही. का झेपते तेही सांगावे लागते. ते सांगता सांगता जे मला स्वतःला नीट उमगले, तेच येथे मांडतो.

कोंबड्यांचा योगायोग

रोगजंतूंशी सामना करण्यासाठी आपले शरीर ‘प्रतिपिंडे’ नावाची प्रथिने तयार करते. ती तयार करणाऱ्या पेशींना बी-पेशी म्हणतात. या ‘बी’ची जन्मकथा मोठी मौजेची आहे.

पक्ष्यांच्या शेपटीजवळ पोटाच्या आत एक लहानशी पिशवी असते. तिला शास्त्रज्ञ ‘बर्सा’ म्हणतात. ती कशासाठी असते, हे कोणासच ठाऊक नव्हते. अमेरिकेतील ओहायो राज्याच्या विद्यापीठात ब्रूस ग्लिक नावाचा एक विद्यार्थी कोंबड्यांची ही पिशवी काढून टाकून काय होते ते पाहत होता. विशेष काही होईना. त्याचा सहाध्यायी टिमोथी चँग याला वर्गात प्रतिपिंडांचे प्रात्यक्षिक दाखवावयाचे होते. त्याने ग्लिकच्याच कोंबड्या उसन्या नेल्या आणि त्यांना जंतू टोचले. पाहतो तो, ज्यांची पिशवी काढली होती त्या कोंबड्यांत प्रतिपिंडांचा जवळजवळ पत्ताच नाही! प्रात्यक्षिक फसले आणि एक मोठा शोध लागला. ‘सायन्स’ या प्रख्यात नियतकालिकाने त्यांचा लेख साभार परत पाठविला. अखेर १९५६ साली कुक्कुटपालनाच्या एका नियतकालिकात तो छापून आला. त्या बर्सावरून ‘बी’ हे अक्षर पडले. माणसाला ही पिशवी नसते. आपल्या बी-पेशी हाडांतील मज्जेत तयार होतात.

पुढे १९६१ साली जॅक मिलर या संशोधकाने छातीच्या हाडामागील ‘थायमस’ या ग्रंथीचे महत्त्व दाखवून दिले. तेथे तालीम घेऊन बाहेर पडणाऱ्या पेशी त्या टी-पेशी.

या दोन जातींचे नाते कऱ्हाडकरांना समजावून सांगणे मला कधीच जड गेले नाही. कृष्णा आणि कोयना या दोघी महाबळेश्वरच्या लेकी. एक वाई-साताऱ्याच्या बाजूने येते. दुसरी जावळीच्या रानातून दक्षिणेकडे धावते, हेळवाकापाशी वळते आणि पाटणवरून येते. प्रीतिसंगमावर त्या समोरासमोर भेटतात आणि मग एक होऊन पूर्वेकडे वळतात. बी आणि टी या पेशींचेही तसेच आहे. दोघींचा जन्म मज्जेतला. एक तेथेच वाढते, दुसरी थायमसच्या शाळेत जाते. आणि पुन्हा त्यांची गाठ पडते ती आपल्या काखेत, मानेत, जांघेत असलेल्या लहान लहान ग्रंथींत. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येते ना? तो त्यांचा संगम. तेथे त्या भेटल्या नाहीत तर पुढचा प्रवाहच नीट सुरू होत नाही.

कचेरीचा कायदा

आता वशिल्याकडे वळू.

बी-पेशी ही कचेरीच्या खिडकीवर बसलेल्या कारकुनासारखी आहे. तिच्या अंगावर हजारो आकडे असतात. त्यांत नेमका बसणारा जंतूचा तुकडा आला की ती तो पकडते. म्हणजे अर्ज दाखल झाला. पण मोठे काम सुरू करण्याचा अधिकार एकट्या कारकुनाला नाही. त्याला मामलेदाराची सही लागते. येथे मामलेदार म्हणजे टी-पेशी. बी-पेशी पकडलेला माल गिळते, त्यातील प्रथिनांचे तुकडे करते आणि ते आपल्या अंगावर मांडून टी-पेशीला दाखविते. ओळख पटली की टी-पेशी मान्यता देते. मग एका बी-पेशीच्या हजारो होतात, त्यांची प्रतिपिंडे दिवसेंदिवस अधिक नेमकी होत जातात, आणि काही पेशी ‘दप्तरी नोंद’ म्हणून वर्षानुवर्षे राहतात. पुढे खरा जंतू आला की हीच नोंद कामाला येते.

या कायद्यात एक मेख आहे. या मामलेदाराला प्रथिनांचीच लिपी वाचता येते. साखरेची लिपी त्याला येत नाही.

आणि तान्ह्या मुलांचे काही कट्टर वैरी नेमके साखरेचा अंगरखा घालून येतात. फुप्फुसाचा दाह करणारा न्यूमोकोकस तसाच. मेंदूज्वर आणणारा ‘हिब’ हा जंतूही तसाच. ही साखर म्हणजे आपली चहातली साखर नव्हे. साखरेच्या कणांची लांबच लांब माळ. कारकून तिला पकडतो, पण मामलेदारापुढे ठेवायला त्याच्याजवळ काहीच नसते. मोठ्या माणसाच्या काही बी-पेशी सहीवाचूनही थोडेफार काम उरकतात. पण त्याची नोंद राहत नाही. दोन वर्षांच्या आतील बाळाला तेवढेही साधत नाही. आणि हिबचा घाला पडतो तो मुख्यतः याच वयावर!

आक्काचा प्रश्न

माझ्या थोरल्या बहिणीचा, आक्काचा, पहिला मुलगा १९७४ साली गेला. चौदा महिन्यांचा होता. दोन दिवस ताप, मग मान ताठ, मग झटके. डॉक्टरांनी पाठीतले पाणी काढून पाहिले, मेंदूज्वर आहे म्हणाले, करता येण्यासारखे सगळे केले. तिसऱ्या रात्री सगळे संपले. तो कोणत्या जंतूने गेला, हे आता कोणी सांगू शकणार नाही. आक्काला पुढे दोन मुले झाली, पण थोरल्याचे कुंची-टोपडे अजून तिच्या ट्रंकेत आहे.

गेल्या वर्षी तिच्या नातीचे बाळ सहा आठवड्यांचे झाले. आशाताई निरोप देऊन गेल्या, आणि त्याला पेंटाची लस टोचून आणली. मी कार्ड वाचून सांगत होतो: घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ आणि पाचवा हिब, म्हणजे मेंदूज्वराचा एक जंतू. आक्का एकदम गप्प झाली. मग म्हणाली, “हे तेव्हा नव्हतं का रे?”

मी काय सांगणार? खरे उत्तर असे की, त्याच १९७४ साली फिनलंड देशात सुमारे एक लाख मुलांवर लसींची एक मोठी चाचणी झाली होती आणि तिच्यात हिबची लस होती. ती लस म्हणजे शुद्ध, निखळ साखर. दीड वर्षावरील मुलांना तिने राखले. त्याखालच्या मुलांना तिचा काही उपयोग झाला नाही. म्हणजे लस असती, विमानाने कऱ्हाडला आणली असती, तरी चौदा महिन्यांच्या पोराला ती वाचवू शकली नसती. मी आक्काला एवढेच म्हणालो, “होती, पण तान्ह्यांना लागू पडत नव्हती.” ती म्हणाली, “मग आता कशी पडती?”

तिच्या या दुसऱ्या प्रश्नातच सगळे शास्त्र आहे.

घोड्याचे प्रथिन

उत्तराची किल्ली खरे म्हणजे फार पूर्वीच सापडली होती. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत ऑस्वल्ड एव्हरी आणि वॉल्टर गोबेल या दोघांनी १९२९ ते १९३१ या काळात न्यूमोकोकसची साखर एका प्रथिनाला रासायनिक टाक्याने जोडली आणि ती सशांना टोचली. एकटी साखर ज्यांना जागवू शकत नव्हती त्या सशांत भरपूर प्रतिपिंडे तयार झाली. ते प्रथिन कोणते होते म्हणाल? घोड्याच्या रक्तद्रवातले! वशिल्याचे तट्टू म्हणतात ते असे अक्षरशः खरे ठरले.

घडले ते एवढेच. कारकुनाने साखर पकडली. तिच्या पाठीला जोडलेले प्रथिनही आपोआप आत आले. त्याने प्रथिनाचे तुकडे मामलेदारापुढे ठेवले. मामलेदाराने शिफारसपत्र वाचले आणि अर्ज न वाचताच सही ठोकली. काम मात्र सुरू झाले ते साखरेविरुद्ध. यात एक अट आहे. अर्ज आणि पत्र यांना एकच टाचणी हवी. साखर आणि प्रथिन नुसते एका बाटलीत कालवून टोचले तर साखर एका कारकुनाकडे जाते, पत्र दुसऱ्याकडे, आणि काम होत नाही.

एवढी किल्ली हाती असूनही माणसाच्या बाळासाठी कुलूप उघडायला जवळजवळ पन्नास वर्षे लागली. मध्यंतरी पेनिसिलिन आले आणि लशींची कोणाला निकड वाटेनाशी झाली. १९८० साली अमेरिकेत जॉन रॉबिन्स आणि रेचल श्नीअरसन यांनी हिबची साखर प्रथिनाला जोडून दाखविली. या पद्धतीची लस १९९० साली तेथील तान्ह्या मुलांना मिळू लागली. पूर्वी त्या देशात दरसाल पाच वर्षांखालील सुमारे वीस हजार मुलांना हिबचा गंभीर आजार होई आणि त्यांतील हजारभर दगावत. पुढे तो आजार शेकडा ९९ टक्क्यांनी घटला. भारताच्या सरकारी लसीकरणात हिब २०११ च्या डिसेंबरपासून टप्प्याटप्प्याने आला. तेथे साखरेला पाठबळ देते ते धनुर्वाताचे निर्विष केलेले विष. म्हणजे एक वैरी दुसऱ्याविरुद्ध साक्षीला उभा!

आमच्या पुण्याचे नाव या कथेत येथे येते. घोड्यांच्या रक्तद्रवापासून धनुर्वातावरचे औषध काढण्यासाठी सायरस पूनावाला यांनी १९६६ साली सीरम इन्स्टिट्यूट काढली. आफ्रिकेच्या सहारा वाळवंटाखालच्या पट्ट्यात १९९६-९७ साली मेंदूज्वराची साथ आली तेव्हा अडीच लाखांवर लोक आजारी पडले आणि पंचवीस हजार गेले. त्या देशांना परवडेल अशी लस बनवावयास बड्या कंपन्या पुढे येईनात. ती पुण्यात बनली. साखरेला धनुर्वाताचे प्रथिन जोडले होते आणि किंमत होती एका डोसला अर्ध्या डॉलरहूनही कमी. डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासो या देशात ती टोचावयास सुरुवात झाली आणि त्या जातीच्या मेंदूज्वराची साथ त्या भागातून जवळजवळ नाहीशी झाली.

काविळीचा रिकामा सदरा

येथवरचे तट्टू जंतूंच्या वा घोड्यांच्या प्रथिनांचे. आता एक नवे तट्टू पाहू. ते विषाणूच्या घरचे आहे.

कावीळ ‘बी’ हा मोठा दगलबाज विषाणू. तो ज्याच्या अंगात शिरतो त्याच्या रक्तात खऱ्या विषाणूंबरोबर असंख्य रिकामी कवचे सोडतो. म्हणजे सदरा आहे, आत माणूस नाही. बारूक ब्लंबर्ग यांना या सदऱ्याचा पत्ता ऑस्ट्रेलियातील एका मूळ रहिवाशाच्या रक्तात लागला आणि १९७६ साली त्यांना त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे पाव फुगविणाऱ्या यीस्टमध्ये हा सदरा शिवून घेण्याची युक्ती निघाली. सदऱ्याचे प्रथिन आपल्या आपण गुंडाळून त्याचा गोल कण बनतो. हा कण इतका बारीक की असे सुमारे पंचेचाळीस हजार कण ओळीने मांडले तर एक मिलिमीटर भरावा. अमेरिकेत १९८६ साली त्याची काविळीवरची लस आली. आज आपली बाळे जन्मल्याबरोबर हीच लस घेतात.

मग कोणाच्या तरी डोक्यात आले, या सदऱ्यावर दुसऱ्याच एखाद्या रोगाचा बिल्ला टाचला तर?

तो रोग म्हणजे हिवताप. माझ्या वयाच्या वाचकांना डीडीटी फवारणारी माणसे आठवत असतील. १९४७ साली देशात हिवतापाचे साडेसात कोटी रोगी आणि आठ लाख मृत्यू होते, असा अंदाज आहे. १९५३ साली सरकारने मोहीम काढली. १९६५ पर्यंत रोगी लाखभरावर आले. वाटले, संपले! पण १९७६ साली ते पुन्हा चौसष्ट लाखांवर गेले. डास औषधाला सरावला आणि माणसे गाफील राहिली.

हिवतापावर लस करणे महाकठीण. डास चावतो तेव्हा जेमतेम काही डझन परजीवी कातडीत सोडतो. ते काही मिनिटांत, फार तर काही तासांत यकृतात जाऊन दडतात, आणि आठवड्याने हजारोंच्या झुंडीने रक्तात उतरतात. त्यांना अडवायचे तर त्या पहिल्या काही तासांतच. त्यांच्या अंगावर एक प्रथिन असते आणि त्यात चारच घटकांचा एक तुकडा जपमाळेसारखा पुन्हा पुन्हा येतो. त्या तुकड्यावर प्रतिपिंडे बसली तर वाट अडते. परंतु हा तुकडा एकटा टोचला तर फारच दुबळा ठरतो.

म्हणून तो काविळीच्या सदऱ्यावर बसविला. याचे दोन लाभ. पहिला ओळखीचाच: सदऱ्याचे प्रथिन मामलेदारापुढे शिफारसपत्राचे काम करते. दुसरा नवा. एकटा अर्जदार खिडकीवर आला तर कारकून डुलक्या घेत राहील. पण तीच मागणी, तोच फलक घेऊन शंभरांचा मोर्चा आला तर? कणाच्या पाठीवर तोच तुकडा दाटीवाटीने मांडलेला असल्याने बी-पेशीचे अनेक आकडे एकदम ओढले जातात आणि ती खडबडून जागी होते.

अशी पहिली लस, आरटीएस-एस, हिच्यावर बेल्जममध्ये १९८७ पासून काम चालले. जागतिक आरोग्य संघटनेने तिची शिफारस केली ती २०२१ साली. तिच्या कणात दर पाचांतील एकाच सदऱ्याला हिवतापाचा बिल्ला होता, बाकीचे कोरे. ऑक्सफर्डमध्ये एड्रियन हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्येक सदऱ्याला बिल्ला लावला. ती आर-२१. तिच्या जोडीला चिली देशातील एका झाडाच्या सालीपासून काढलेले उत्तेजक द्रव्य दिले. आणि ती मोठ्या प्रमाणावर बनवावयाची कोठे? पुन्हा आमच्या पुण्यात, सीरममध्ये.

बुर्किना फासो, केनिया, माली व टांझानिया येथील ४,८०० वर मुलांवर तिची मोठी चाचणी झाली. जेथे हिवताप ठरावीक हंगामात येतो तेथे पहिल्या वर्षात तिने आजाराचे प्रमाण सुमारे ७५ टक्क्यांनी कमी केले. ऑक्टोबर २०२३ मध्ये जागतिक संघटनेने शिफारस केली आणि १५ जुलै २०२४ रोजी आयव्हरी कोस्ट देशात पहिल्या बाळाला नेहमीच्या लसीकरणात ती टोचली गेली. २०२३ या एका साली जगात हिवतापाने सुमारे पाच लाख सत्त्याण्णव हजार जीव गेले. त्यांतील बहुतेक आफ्रिकेतील, आणि त्यांतही पाच वर्षांखालील मुलेच अधिक. तेव्हा या आकड्याचे मोल ध्यानी यावे.

वशिल्याची मर्यादा

कोणत्याही वशिल्याला मर्यादा असते, तशी यालाही आहे. एकच शिफारसपत्र जो तो आणू लागला तर त्याचे वजन उतरते. एकाच वाहक प्रथिनाच्या अनेक लशी एकाच शरीरात गेल्या तर कधी कधी सगळी गर्दी वाहकाभोवतीच होते आणि पाठीवरच्या स्वाराकडे दुर्लक्ष होते. म्हणून शास्त्रज्ञ नवी नवी तट्टे शोधत असतात, आणि विषाणूंची रिकामी कवचे त्यांना त्यासाठीच हवी आहेत. हिवतापाच्या लशीचा जोर कालांतराने ओसरतो. म्हणून तीन डोसांनंतर वर्षाने चौथा द्यावा लागतो, आणि मच्छरदाणी सुटत नाही ती नाहीच. शिवाय ही लस हिवतापाच्या एकाच, पण सर्वांत घातक जातीवर चालते. आपल्या नेहमीच्या लसीकरणात ती नाही. महाराष्ट्रात गडचिरोलीच्या जंगलपट्टीत या रोगाने अजून ठाण मांडले आहे आणि तेथे फवारणी, मच्छरदाण्या व रक्ततपासणी यांवरच भिस्त आहे.

आक्काला हे सगळे मी तिच्या भाषेत सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “म्हणजे साखरेच्या अंगरख्याला कुणीतरी हाताला धरून न्यावं लागतं, असंच ना?” तीस वर्षांत माझ्या एकाही विद्यार्थ्याने इतके नेमके उत्तर लिहिले नव्हते. मग तिने नातीला बजावले, “दहाव्या आठवड्याची तारीख चुकवू नको, आणि चौदाव्याचीही.”

तेच मला वाचकांना सांगावयाचे आहे. पहिल्या टोचणीने कारकून जागा होतो. दुसरी-तिसरी झाली म्हणजे दप्तरी नोंद पक्की होते. अर्ध्यावर सोडलेले काम कोणत्याच कचेरीत तडीस जात नाही. घरात तान्हे मूल असेल तर दिवाळीचा फराळ आटोपल्यावर त्याचे कार्ड एकदा काढून पाहा. या एका कचेरीत तुमच्या बाळासाठी वशिला आधीच लावून ठेवला आहे, आणि तोही फुकट. तुम्ही फक्त वेळेवर हजर राहावयाचे आहे.